कारंज्यासमोरची खोली

एकतीस वर्षांपूर्वी लातूरकडून चाकणला आलो, तेव्हा आम्ही चार दिवस कारंज्यासमोरच्या धर्मशाळेत उतरलो होतो. नवं लग्न, एक वळकटी आणि खिडकीखाली सतत पडणारं पाणी. मग भाड्याची खोली मिळाली, आणि तिच्यात दोन दीर, एक भाचा, पुढं आमची दिव्या. आम्ही दोघंच असे ते चारच दिवस. मला त्या दिवसांची फार ओढ होती, सांगायला लाज कसली.

आता त्या धर्मशाळेचं हेरिटेज स्टे झालंय. जुनं दगडी कारंजं घासूनपुसून पुन्हा सुरू केलंय. हे कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा मी म्हटलं, मला साडी नको, तिथं एक रात्र राहू. कधी नव्हे ते लगेच हो म्हणाले.

काउंटरवर योगिनी नावाची मुलगी होती. तिनं यांचं आधार कार्ड पाहिलं. "ज्योतीराम काका, पत्ता चाकणचा आहे. लोकल माणसांना आम्ही रूम देत नाही. मालकांचा नियम आहे."

हे हसायलाच लागले. "मॅडम, एकतीस वर्षं समदे बाहेरचा म्हणत होते. मागच्या महिन्यात पत्ता बदलला, आन् आता इथला हाय म्हणून न्हाई?"

माझ्या कार्डावर अजून गावाचाच पत्ता. बदल म्हणून हे हात धुऊन मागं लागले होते, पण मी हट्टी. गावात आमचं घर उरलं नाही, कार्डावर तरी असू दे.

"काकू, तुम्हाला एकटीला मिळेल," माझं कार्ड बघून योगिनी म्हणाली.

"ऱ्हा तू," म्हणत हे बाहेर जाऊन कारंज्यापाशी बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

रजिस्टरात 'कुठून आलात' खाली मी गावाचं नाव लिहिलं. पुढचा रकाना, 'कुठे जाणार'. हात थांबला. गावाला? कुणाकडं? दारातून यांची पाठ दिसत होती. मी लिहिलं, घरी, चाकण.

तिनं वाचलं. "मग काकू, तुम्हीपण लोकलच की." कार्ड परत दिलं, हळूच.

"व्हय," मी म्हटलं. असं मी पहिल्यांदाच कबूल केलं, आणि मला रडू आलं. पदरानं तोंड पुसून, खोली न बघताच बाहेर आले.

"बघितलीस खोली?" यांनी विचारलं.

"बघितली. लई बदललीय. आपल्या येळची काय ऱ्हायली न्हाई."

"मंग बरं झालं," हे म्हणाले आणि पिशवी उचलली.