केतकीच्या दंडावरचा पट्टा

या मित्रांनो, पुढे सरका. दाराशी बसलात तर माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचायचा नाही. मी फार तर फुस्स करतो. त्याहून मोठा गळा देवाने मला दिलेला नाही. आज मी तुम्हाला एका साडेचार वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगणार आहे. ती गोड नाही. पण जशी घडली तशीच सांगेन, कारण खरं सांगण्यासाठीच मला घडवलं होतं.

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. घरात मला कुणी या नावाने हाक मारत नाही, 'बीपीचं मशीन' म्हणतात. अंबाल्याच्या एका छोट्या कारखान्यात माझी पत्र्याची पेटी ठोकली गेली, तिच्यात काचेची नळी बसली, नळीत पारा भरला गेला. एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. पट्टा दंडाला गुंडाळायचा, फुगा दाबत जायचा. पट्टा आवळतो, हातातलं रक्त थांबतं. मग हवा हळूहळू सोडायची. रक्त पुन्हा धावायला लागलं की कानातल्या नळीत टकटक ऐकू येते आणि माझा पारा आकडा सांगतो. माझं सगळं काम चार श्वासांचं. रक्त अडवायचं आणि लगेच सोडून द्यायचं.

दिल्लीच्या एका सरकारी दवाखान्यात मी तीस वर्षं राजाभाऊंच्या टेबलावर होतो. राजाभाऊ तिथले कंपाउंडर. किती बाबू, किती शिपाई, किती साहेब माझ्यापुढे बाही वर करून बसले असतील! नव्याने शिकायला आलेल्यांना राजाभाऊ आधी एकच गोष्ट घोकायला लावत. "पट्टा मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा जास्त येतो. बारीक दंडाला मोठा लावला तर कमी. लक्षात ठेवा, पारा चुकत नाही, बांधणारा चुकतो."

दवाखान्यात बॅटरीची यंत्रं आली आणि राजाभाऊही निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना शाल, नारळ आणि मी, असे तिघे एकदम दिले. मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. तिथे राजाभाऊंचा मुलगा जयदीप, सून उल्का, बायको सरलाबाई आणि नात केतकी राहत होती.

राजाभाऊंना एकच व्यसन, कीर्तनाचं. दिल्लीत कुठे मराठी कीर्तन असलं की हे पहिल्या रांगेत, डोळे मिटून, हातात झांजा. आणि कीर्तन संपलं की मंडळाच्या हॉलच्या दाराशी टेबल मांडून मला उघडायचे आणि येईल त्याचा रक्तदाब बघायचे. "बुवा गाऊन सेवा करतात. मला गाता येत नाही, मी ही करतो," म्हणायचे. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. बुक्क्याचा वास, सुंठवड्याची वाटी, आणि माझ्याभोवती चेष्टामस्करी.

दत्तजयंतीचा तो दिवस मी विसरणार नाही. नागपूरहून श्रीरंगबुवा आले होते. निरूपणाच्या भरात बुवांनी माझ्याकडे बोट केलं. "राजाभाऊंच्या पेटीतला पारा बघा! समोर सेक्रेटरी बसो की शिपाई, तो कुणाचं तोंड बघून चढत नाही. संतांचं बोलणं असंच. आपल्याला सोसत नाही, तेव्हा आपण म्हणतो, संतच चुकले!" हॉल हसला. राजाभाऊंची मान इतकी ताठ झाली की सरलाबाईंनी मागून कोपराने ढोसलं.

आरती झाली, रांग लागली. थंडी कडाक्याची, एकेकाचे दोन-दोन स्वेटर. आणि रांगेत, दोन गलेलठ्ठ काकांच्या मध्ये, केतकी उभी.

"आजोबा, माझा पण चेक करा ना. मी लाइनमध्ये आलेय, घुसले नाही."

"बिल्कुल! या केतकीबाई, बसा. तंबाखू खाता का?"

"नाही. मॅगी खाते."

पुन्हा हशा. राजाभाऊंनी तिची बाही वर केली. दंड कसला, लाटण्याची मूठ! मोठ्या माणसांचा पट्टा तिला जवळजवळ दोनदा गुंडाळावा लागला. फुगा दाबला, सोडला. आणि टकटक सुरू झाली तेव्हा माझा पारा होता एकशे चव्वेचाळीसवर. थांबली तेव्हा अठ्ठ्याण्णववर.

साडेचार वर्षांच्या लेकराला हा आकडा नसतो, मित्रांनो. मी राजाभाऊंच्या तोंडाकडे पाहत होतो. एका क्षणापुरता तिथला रंग उडाला.

"काय हो राजाभाऊ, किती?" मागून कुणीतरी ओरडलं.

"एकशे चव्वेचाळीस!"

"अहो, तिला नर्सरीच्या अ‍ॅडमिशनचं टेन्शन आहे!"

"छे, आजीवर गेलीये!"

सगळे हसले. केतकी तर टाळ्या वाजवायला लागली, तिला वाटलं आपण जिंकलो. आणि राजाभाऊही हसले. "पट्टा मोठ्यांचा आहे ना, काहीतरी भलतंच दाखवतोय."

टेबलाशेजारी नीरजा उभी होती. दिल्लीतच मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी, नर्सिंग शिकणारी मुलगी. ती हळूच म्हणाली, "काका, मोठ्या पट्ट्याने कमी दाखवतं ना? मागच्या वर्षी तुम्हीच शिकवलंत मला. म्हणजे खरा आकडा याहून जास्त असेल. पुन्हा बघा ना."

हातात फुगा होता. समोर नात होती. पुन्हा बघायला चार श्वास लागले असते.

"अगं, चार वाट्या सुंठवडा खाऊन ही उड्या मारतेय! तीस वर्षं मी हेच केलंय, नीरजा. मशीन म्हातारं झालंय, दुसरं काही नाही. चलो, नेक्स्ट!"

मित्रांनो, राजाभाऊ खोटं बोलणारे नव्हते. पण नातीच्या प्रेमापुढे त्यांची तीस वर्षांची विद्या त्या दाराशीच चपलांमध्ये पडून राहिली. उद्या आपणच सगळ्यांना सांगत बसलो की नातीला बीपी आहे, तर? आणि ते खरंच निघालं, तर? घरी आल्यावर त्यांनी मला फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकलं. नीरजाचे दोन फोन आले. "काका, डॉक्टरांना दाखवलंत का?" "हो हो, दाखवतो." सरलाबाई तेव्हा आत प्रसाद वाटत होत्या, जयदीप-उल्का तर आलेच नव्हते; घरात राजाभाऊंनी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

मी वर धूळ खात सगळं ऐकत होतो. केतकीचं डोकं दुखायचं, तेव्हा म्हणायचे, टीव्ही बंद करा. संक्रांतीला सगळे पानिपतला, मराठ्यांच्या रणभूमीवर काला अंबला गेले. तिथे श्रद्धांजलीच्या सभेत ती आजोबांच्या मांडीवर कपाळ दाबून पडून राहिली, परत येताना दोनदा ओकली. "बस लागली," म्हणाले. महिनाअखेरीस उल्का तिला फ्रॉक घ्यायला बाजारात घेऊन गेली. खांदे उतरताहेत, आणि कमरेला बटण लागत नाही. दुकानदार म्हणाला, "दीदी, बच्ची का पेट निकल आया है, मॅगी बंद करो." मायलेकी हसत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना उल्काचा साबणाचा हात बरगडीखाली डाव्या बाजूला थांबला. आत काहीतरी होतं, कवठासारखं टणक. ती किंचाळली नाही. "बाबा, जरा इकडे या," एवढंच म्हणाली. पण तो आवाज ऐकून सरलाबाईंची कढई गॅसवरच राहिली.

त्या दिवशी राजाभाऊंनी मला कपाटावरून काढलं, फडक्यानं पुसलं आणि पिशवीत घालून बरोबर नेलं. का नेलं, ते त्यांनाच माहीत.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी लहान मुलांचा चिमुकला पट्टा लावून बघितलं. एकशे छप्पन्न. "पहले कभी बीपी नापा था?"

"नहीं," उल्का म्हणाली.

राजाभाऊंनी पिशवी घट्ट धरली. "नापा था. डेढ़ महीना पहले. मैंने."

उल्का वळली. मग म्हणाली, "आणि तुम्ही बोलला नाहीत, बाबा? मला नाही, तर निदान जयदीपला?"

राजाभाऊंनी मला पिशवीतून काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं.

केतकीच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ होती. लहान मुलांना होणारा कर्करोग. मूत्रपिंडाने रक्तदाब का वाढावा? दृष्टांत ऐका. आमच्या क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावर पाणी चढेनासं होतं. कुठेतरी पाइप चेपलेला असतो. पण वरच्याला वाटतं, साऱ्या कॉलनीलाच पाणी कमी आलंय. तो मोटर लावतो. मग सगळ्या पाइपांवर ताण येतो, सांधे गळू लागतात, आणि त्याची तहान काही भागत नाही. गाठीने मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी चेपली होती. ते उपाशी मूत्रपिंड ओरडत होतं, रक्त द्या, रक्त द्या! आणि त्याच्या ओरडण्याने साऱ्या देहातला दाब चढत होता. हेच माझा पारा त्या दिवशी सांगत होता.

दुःख इथेच थांबलं नाही. उजव्या मूत्रपिंडातही एक छोटी गाठ निघाली. आधी सहा आठवडे औषधं दिली. केतकीचे केस गेले. मग शस्त्रक्रिया ठरली. डावं मूत्रपिंड पूर्ण काढायचं. उजवं मात्र काही करून वाचवायचं. त्यासाठी त्याचं रक्त चिमट्याने थांबवायचं, भोवती बर्फ ठेवायचा, तेवढ्यात गाठ कापून घ्यायची आणि चिमटा सोडायचा. "आधा घंटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उसके बाद हर मिनट भारी है."

रक्त अडवणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे, मित्रांनो. मी ते जन्मभर करत आलो. पण माझं चार श्वासांचं. ते अर्ध्या तासाचं. राजाभाऊ बाहेर बाकावर बसून नामस्मरण करत होते आणि घड्याळ बघत होते, दोन्ही एकदम. आत गाठ शिरांना चिकटलेली निघाली. चिमटा सत्तेचाळीस मिनिटं राहिला.

उजवं मूत्रपिंड जागं झालं, पण नावापुरतंच. इतके दिवस चढलेल्या दाबाचा मार त्याने आधीच खाल्ला होता, त्यात ही उपासमार. राजाभाऊंनी एकदा धीर करून विचारलं, "डेढ़ महीना पहले आते तो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शायद बच जाती किडनी. शायद नहीं. कोई नहीं बता सकता, अंकल." हो म्हणाल्या असत्या तर राजाभाऊ रडले असते, नाही म्हणाल्या असत्या तर झोपले असते. त्या 'शायद'ने दोन्ही नेलं.

केतकी घरी आली. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून स्वच्छ करून आणावं लागे, आणि घरी रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, रक्तदाब. नीरजा मुनिरक्याहून लहान मुलांचा पट्टा घेऊन आली आणि माझ्या नळीला जोडू लागली.

"तू बोल गं काहीतरी," राजाभाऊ म्हणाले. "शिव्या तरी दे."

"काका, तिचा हात सरळ धरा," एवढंच ती म्हणाली.

"आजोबा, आज पास की नापास?" केतकी रोज विचारायची. आणि राजाभाऊ आता खरा आकडाच सांगायचे, एकाने कमी नाही की जास्त नाही.

"आज नापास, बाळा."

"चलो, उद्या."

तो पट्टा तिच्या दंडावर रोज थोडा अधिक सैल बसत होता. मला कळत होतं. मी कुणाला सांगणार? माझ्यापाशी आकड्याखेरीज भाषा नाही.

श्रावणात तिला ताप आला. झिजलेल्या देहाला तो सोसला नाही. रुग्णालयातच, भर दुपारी, आईचा हात धरून ती गेली. सगळे घरी आले. कुणी दिवा लावला, कुणी पाणी दिलं. घड्याळात सात वाजले आणि राजाभाऊ उठले. त्यांनी माझी पेटी उघडली, छोटा पट्टा पसरला, कानात नळ्या घातल्या आणि बसून राहिले.

"अहो, आवरा ते," सरलाबाई म्हणाल्या. उल्का मात्र आतून आली, सासऱ्यांच्या कानातल्या नळ्या तिने अलगद काढल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच त्यांच्या जवळ बसली होती.

मित्रांनो, डॉक्टरीणबाई सांगत होत्या की वेळेवर कळलं तर अशी पुष्कळ मुलं बरी होतात, शाळेत जातात, धावतात. म्हणून हात जोडून सांगतो. लेकराचं डोकं सारखं दुखलं, पोट एका बाजूला टणक लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. पोट दाबत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आकडा वाईट आला तर यंत्राला म्हातारं म्हणण्याआधी पुन्हा एकदा मोजा. यंत्रच बिघडलेलं निघालं, तर मला टाकून द्या, मी रागावणार नाही. प्रेम आहे म्हणून डोळे मिटू नका; प्रेम आहे, म्हणून तर उघडे ठेवा.

आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांसाठी मागून झाल्यावर क्षणभर थांबा. साडेचार वर्षांची होती, लाइनमध्ये न घुसता उभी राहिली होती. केतकी तिचं नाव. तेवढं एकदा घ्या.