एकशे पासष्ट बाइट

तिने पेनाला टोपण लावलं आणि कागद साहेबांकडे परत सरकवला.

"सही राहिली," साहेब म्हणाले.

"राहिली नाही. केली नाही."

शेजारच्या टेबलावर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या केमिस्टबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत सगळे तिला आकडेताई म्हणत. नळांचे, विहिरींचे तीनशेच्या वर नमुने, एकेका नमुन्याचे नऊ आकडे. सगळे तिच्या बोटांखालून जाऊन रोज तक्त्यात बसायचे. चारच्या ठोक्याला एक नवी यंत्रणा तो तक्ता आपोआप उचलून मुख्यालयाला धाडायची. ही यंत्रणा येऊन तेरा दिवस झाले होते, आणि तेरापैकी अकरा दिवस मुख्यालयाचं एकच पालुपद होतं: फाइल खराब आहे, उघडत नाही.

कागदावर लिहिलं होतं, की हे अकरा बिघाड तिच्या निष्काळजीपणामुळे झाले. तिचा करार सोमवारी संपत होता. त्याआधी हा कागद सहीनिशी दप्तरात गेला, तर नवा करार होणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"फाइल इथून जाते, तिथे उघडत नाही. मधे तुमच्याशिवाय कोण आहे?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. साडेतीनला तक्ता स्वतःच्या संगणकावर उघडून, शंका येईल तो आकडा पिवळा केल्याशिवाय ते चहालाही उठत नसत. "उद्या दुपारपर्यंत सही हवी."

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या.

"करून टाक सही. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"आई, मी चुकले असते तर पहिल्याच दिवशी केली असती."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग मुळीच नको करूस," म्हणाल्या, आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी पोचली. आधी स्वतःचे अकरा तक्ते उघडून पाहिले; सगळे धडधाकट. मग मुख्यालयाने परत पाठवलेल्या फाइली एकाखाली एक लावल्या आणि त्यांचा आकार पाहिला. एकशे पासष्ट बाइट. दुसरी, एकशे पासष्ट. तिसरीही तेवढीच. तीनशे ओळींचा तक्ता चिमूटभर कसा असेल? आणि रोज मोजून तेवढीच चिमूट?

"बाई, हे बघा जरा."

केमिस्टबाईंनी चष्मा वर सरकवला. "अगं, माझ्या रिकाम्या बाटल्यांची वजनंसुद्धा इतकी सारखी भरत नाहीत."

म्हणजे तिचा तक्ता मुख्यालयाला गेलाच नव्हता. त्याच्या नावाखाली भलतंच काहीतरी गेलं होतं. आणि मधले दोन दिवस, जे सुखरूप गेले? तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. दोन्ही दिवस साहेब दौऱ्यावर होते.

तिने तक्ते ठेवायच्या सामाईक फोल्डरमधल्या लपलेल्या फाइली दिसतील असं केलं.

"आता तुमच्या संगणकावरून माझा तक्ता उघडा."

बाईंनी उघडला. त्या क्षणी तक्त्याशेजारी एक पिटुकली फाइल उगवली. नाव तेच, पुढे फक्त दोन वाकडी चिन्हं. बाईंनी तक्ता बंद केला, ती नाहीशी झाली. पुन्हा उघडला, पुन्हा हजर. आकार एकशे पासष्ट बाइट.

"हे काय भूत आहे गं?"

"भूत नाही, पाटी आहे. आत कुणीतरी आहे, अशी." बोलता बोलता तिचा आवाज हलका होत गेला. "यंत्रणा काय करते? फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल उचलते. तक्ता कुणी उघडा ठेवून गेलं, की सगळ्यात नवी असते ही पाटी. चार वाजले, पाटी गेली, तक्ता इथेच."

"आणि साडेतीनला उघडून, तसाच ठेवून चहाला कोण जातं..." बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं.

तिने परत आलेली पहिली फाइल साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली. बरीच मोकळी जागा होती, आणि त्या जागेत एक नाव. केमिस्टबाईंनी ते वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

दुपारी साहेब आले तेव्हा टेबलावर अकरा कागद होते.

"सही केलीत?"

"ह्या मुख्यालयाला गेलेल्या फाइली आहेत. छापून ठेवल्यात, जशाच्या तशा."

साहेबांनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला. पाचव्याशी थांबले.

"यात माझं नाव कुणी टाइप केलं?"

"कुणी नाही. तक्ता ज्याने उघडलाय त्याचं नाव संगणक आपणहून लिहितो. तुम्ही तो बंद न करता उठता, आणि चारला तेवढंच जातं."

पंख्याच्या वाऱ्याने वरचा कागद फडफडला. साहेबांनी तो तळव्याने दाबून धरला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आजपासून बंद करत जाईन. तो कालचा कागद फाडून टाकतो. विषय संपला."

"इथला संपेल, साहेब. मुख्यालयात अकरा नोंदी माझ्या नावावर आहेत."

"मग मी काय करावं म्हणता? मी खुलासा देऊ?"

प्रश्न तसा उत्तरासाठी नव्हता. ती मात्र उठली, पत्राचं कोरं पान पडद्यावर आणलं, आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"बसा ना."

साहेबांनी केमिस्टबाईंकडे पाहिलं. बाई एका बाटलीतलं पाणी उजेडासमोर धरून फार मन लावून बघत होत्या. शेवटी साहेब बसले. एका बोटाने अक्षरं शोधू लागले. पहिल्याच ओळीत तीनदा खोडलं, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एरवी सगळी पत्रं तीच टाइप करून देई.

ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "चारला अजून वेळ आहे."