झाड सोडायचं नाही

सरांनी तिला झाडापासून सोडवायला घेतले, तशी धाकटीने खोडाला घातलेली मिठी आणखी घट्ट केली.

ती दिसली तेव्हा सरांचा जीव भांड्यात पडला होता, पण तेवढ्यापुरताच. धाकटीच्या अंगात दोन स्वेटर होते. वरचा थोरलीचा होता.

"ताई कुठे आहे?"

"तुम्हाला आणायला गेली."

सर शाळेत व्यायाम शिकवायचे आणि दर वर्षी मुलांना रानात न्यायचे. हरवलात तर झाड धरून बसा, आधी ऊब, मग पाणी, खाण्याचे सगळ्यात शेवटी. हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतले होते की घरी मुली त्यांची नक्कल करायच्या. आज दुपारी रानातून निघताना त्यांनी बत्तीस मुले दोनदा मोजली. सोबत आणलेल्या स्वतःच्या दोघी हजेरीपटावर नव्हत्या, त्या मोजायच्याच राहिल्या. लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवणाऱ्याची ही गत.

"सर, हिला घेऊन तुम्ही खाली जा," शोधायला माणसे घेऊन आलेला वनरक्षक म्हणाला. "ऊन उतरलंय, आता गारठा वाढेल. पुढचं आम्ही बघतो."

"मी नाही येणार," धाकटी म्हणाली. "हलायचं नाही, असं बाबांनीच सांगितलंय. ताई आली आणि मी नसले तर?"

थोरलीलाही तेच सांगितले होते. पण ती दहा वर्षांची, आणि शेजारी बहीण कुडकुडत बसलेली. सरांना तिचा राग आला, आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की वनरक्षकाकडे बघवेना.

"कुठल्या बाजूला गेली, बाळा?"

"मी बघितलं नाही. ती म्हणाली, डोळे मीट आणि शंभरपर्यंत मोज, तोवर मी येते."

"मग?"

"मला चाळीसपर्यंतच येतात. म्हणून मी परत परत पहिल्यापासून मोजलं. तरी ती येईना."

वनरक्षकाने हात केला आणि माणसे दोन बाजूंना पांगली. त्यांच्या हाका लांब लांब जात राहिल्या. उत्तर कुठूनच येत नव्हते. सर धाकटीला मांडीवर घेऊन झाडाला टेकून बसले. त्यांना दुसरे काही सुचेना.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

धाकटीने डोळे मिटले.

"एक्केचाळीस."