महालक्ष्म्यांपुढचं मलकापूर स्टेशन

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. देऊळघाटचे लक्ष्मीकांत बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होते, पण त्यांचा सारा जीव कागदात. लग्नपत्रिका, जुनी पुठ्ठ्यांची खोकी, काही म्हणून टाकू द्यायचे नाहीत. कणकेच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून त्यांनी कागद-पुठ्ठ्याचं मलकापूरचं स्टेशन उभं केलं होतं. गाठी मारलेली दोरी घेऊन ते मलकापूरला जायचे, मापं आणायचे. खरं हातभर, तर कागदावर जवाच्या दोन दाण्यांएवढं. खिडकीची झडपंसुद्धा उघडायची! सिग्नलचा खांब तेवढा बाकी होता.

त्या साली लेक शारदा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली, ती भादव्यातल्या महालक्ष्म्यांना. वडील कचेरीत गेलेले. आरास जरा उणी दिसली, म्हणून तिनं कौतुकानं स्टेशन उचललं नि देवींपुढं मांडलं. आईनं पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, त्यातलं थोडं फलाटावरही पडलं.

संध्याकाळी लक्ष्मीकांत आले, बघून हसले. "वा वं पोरी, महालक्ष्म्या रेल्वेनं आल्या काय?"

तेवढ्यात रुखमा आत्या म्हणाली, "हसतू काय? पूजेले लागलं ते. निर्माल्य झालं. उद्या पैनगंगेत सोडा लागते."

"अक्का, तीन वर्षं लागले मले याले!"

"देवीपरीस तुही रेल्वे मोठी हाय काय रे?"

लक्ष्मीकांतांनी टोपी काढून खुंटीला लावली. देवाच्या पुढं त्यांचं कधी चाललं नव्हतं. रात्री पानं मांडली, तेव्हा शारदा पुरणपोळीचे नुसते तुकडे करत राहिली. आपल्याच हातांनी बाबांचं स्टेशन बुडवलं, हेच मनात.

आई वाढता वाढता थांबली. हळूच म्हणाली, "अक्का, महालक्ष्म्यांचे मुखवटेही पूजेले लागतात. ते काऊन नाही बुडवत आपण?"

आत्यानं घास तसाच धरला. मग म्हणाली, "हाव. पण मंग मुखवट्यांसारखंच वागवा. देवीसंगं याचं, देवीसंगं पेटीत जाचं. मंधात कोणी हात लावाचा नाही."

"चालन, अक्का," लक्ष्मीकांत म्हणाले.

स्टेशन वाचलं. तिसऱ्या दिवशी आईनं मुखवट्यांशेजारी मऊ लुगड्यात गुंडाळून ते पेटीत ठेवलं.

पुढं दरसाल भादव्यात लक्ष्मीकांत न चुकता रजा काढत. देवी उभ्या असताना पातं-कात्री चालवायची नाही, आणि एरवी पेटी उघडायची नाही. तेव्हा सिग्नलचा खांब काही झाला नाही. पहिल्या साली त्यांनी तो वेगळा करून पाहिला, पण स्टेशन समोर नसता माप जुळेना. आरती झाली, बायका पानाला बसल्या, की ते देवींपुढं मांडी घालून बसायचे. लोक म्हणत, केवढी भक्ती माणसाची! शारदा मात्र बाजूला बसून त्यांची बोटं बघायची. जोडलेल्या हातांतसुद्धा ती एवढीशी हलायची, कागद दुमडल्यासारखी.

तिला आता कुठंही उदबत्तीचा वास आला, की पाठोपाठ खळीचा येतो.