बोळवणीविना कानबाई

निंबाचं पहिलं लेकरू पोटातच गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षाची, १९८९ सालची ही गोष्ट. सून प्रमिलाला पुन्हा दिवस गेले होते आणि सासू तानुबाईंच्या जिवाला घोर लागला होता.

त्या माघात चाळीसगावजवळच्या त्यांच्या खेड्यात टीव्हीवाले आले. एकेका मुलखाची कला एकेका भागात देशाला घरोघरी दाखवायची, असं मोठं काम त्यांनी काढलं होतं. खानदेशच्या भागाला त्यांना कानबाईची गाणी हवी होती. कानबाई श्रावणातली. नारळाला नथ घालून रविवारी बसवायची, रात्रभर गायची आणि सोमवारी गात गात नदीवर बोळवायची. अवेळी तिला बोलवायला तानुबाई तयार नव्हत्या.

"बोळवणीचं गाणंही घेऊ, अक्का," असं टीव्हीवाल्यांतल्या मुंबईच्या सुनंदाबाईंनी कबूल केलं, तेव्हा कुठे तानुबाईंनी गायला तोंड उघडलं. नदीवरची बोळवणही टीव्हीवाल्यांनी नीट टिपून नेली.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी चुडामणच्या ओसरीवर सारं गाव टीव्हीपुढे बसलं. पडद्यावर कानबाई आली तशी बायांनी काचेलाच हळदकुंकू लावलं.

"काचेले कुकू नको व माय, चित्र दिसाव नही!" चुडामण ओरडला.

"देवी उनी शे तुना घर, आनि तुले काचनी पडी शे!" मंजुळाबाई म्हणाली. हशा पिकला.

तानुबाई हसल्या नाहीत. त्या बोळवणीची वाट बघत होत्या. पडद्यावर नावं सरकली आणि साबणाची जाहिरात लागली.

"बोळवण?"

"कार्यक्रम व्हयी गया, अक्का. बोळवण दखाडीच नही," चुडामण म्हणाला.

बोलावून उभी ठेवलेली देवी रिकाम्या हाती जात नाही, असं तानुबाईंची आई सांगायची. तेवढ्यात शेजारची कुंदाबाई धावत आली.

"अक्का, प्रमिलानं पोट दुखस! अजून आठवाच चालू शे!"

तानुबाईंनी घरातला नारळ उचलला आणि आपल्या नाकातली नथ काढून त्याला घातली.

"माय, ऊन केवढं शे! चप्पल तरी घाल," निंबा म्हणाला.

"तू डाक्टरले लयी ये. मी कानबाईले धाडी येस."

नदी कोरडी पडली होती. पाणी होतं ते फक्त लांबच्या डोहात. तापल्या वाळूतून तानुबाई बोळवणीचं गाणं गात अनवाणी निघाल्या. गाणं मध्येच तुटलं तर देवी माघारी फिरते, म्हणून घसा कोरडा पडला तरी त्या थांबल्या नाहीत. मागून पैंजण वाजल्यासारखे वाटत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

डोहात सोडलेला नारळ काठाला परत आला. त्यांनी तो ढकलला. तो पुन्हा आला. मग त्या कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या.

"मना जीव ले, माय. तिले सोड."

नारळ हळूहळू पलीकडे गेला.

काठावर निपचित पडलेल्या तानुबाईंना गुराख्यांनी उचलून घरी आणलं, तेव्हा प्रमिलाला मुलगी झाली होती. मुठीएवढी होती, पण रडत होती. ती जगली. तानुबाई त्याच दिवशी, रविवार १४ मे १९८९ रोजी, दिवस बुडायच्या आत वारल्या.