हसणारं थिएटर

सुनेने फारच आग्रह धरला, म्हणून सासरे सिनेमाला आले. हुकूमशहाच्या देशातून जीव मुठीत धरून पळालेला माणूस तो. तिकडे कुणीतरी हुकूमशहाच्या मिशीवर केलेल्या विनोदाला हसला म्हणून त्यांच्या धाकट्या भावाला बेकरीतून उचलून नेलं. तो परत आलाच नाही.

पडद्यावर त्या हुकूमशहासारखाच गणवेश दिसला आणि सासरे खुर्चीत आक्रसून बसले. गणवेशातला विनोदी नट छाती फुगवून भाषणाला उभा राहिला, तोच पदकांच्या ओझ्याने तोल जाऊन नाकावर आपटला. थिएटरात एकच हशा पिकला.

सासऱ्यांनी दचकून मागे पाहिलं. म्हाताऱ्या बायका, पोरंसोरं हसत होती, दारातला डोअरकीपरसुद्धा पोट धरून हसत होता, आणि कुणीच कुणाला धरून नेत नव्हतं.

"बाबा, सिनेमा पुढे आहे," सून कुजबुजली.

"असू दे गं. एवढी माणसं त्याला उघड उघड हसताहेत, हे बघू दे मला."

पडद्याचा उजेड त्या चेहऱ्यांवर हलत होता. ते आ वासून एकेक चेहरा बघत राहिले. मग त्यांनाही हसू फुटलं, आणि काही केल्या आवरेना.