मगरीची बाई

माझं नाव सुगंधा. पण खाडीपलीकडच्या राजवाड्यात मला या नावानं कुणी कधी हाक मारली नाय. एकदा कारभाऱ्यानं विचारलं, सांगितलं, तर तो नाकाला उपरणं लावून हसला. "नाव सुगंधा आणि वास बोंबलाचा!" तेवढंच. बाकी तिथं मी मगरीची बाई.

पाहुणे आले की सरकार विचारायचे, "मगरीची बाई आली का?" मग मी माशांची पाटी मागच्या दारी उतरवायची, हातपाय धुवायची आणि मोठ्या दिवाणखान्यात पेंढा भरलेल्या मगरीशेजारी जाऊन उभी राहायची. सरकार काठीनं मगरीचा जबडा दाखवायचे. या मगरीनं आमचा एक नावाडी ओढून नेला, आम्ही त्याच महिन्यात तिला लोळवली, आणि ही त्या नावाड्याची बायको! मग पाहुण्यांच्या बायका "अगंबाई!" करून तोंडाला पदर लावायच्या. मी मान खाली घालून बोलायची, "होय सरकार, मगरीनं नेला." एखादीला दया यायची, ती हातावर नाणं ठेवायची. ते मी येताना खाडीत फेकायची. वर थुंकायची.

मगरीनं नाय नेला माझ्या नवशाला. या सरकारनंच मारला. तेव्हा तो युवराज होता, कुणा गोऱ्या साहेबाला घेऊन खाडीत शिकारीला गेला होता, आणि नवशा त्या होडीचा तांडेल होता, होडीत हुकूम त्याचाच चालायचा. गोळी घातली आणि नवशाला आणून आमच्या अंगणात टाकला. बोलले, मगरीनं धरला. अहो, मी त्याला आंघोळ घातली! खांद्याखाली माझं बोट जाईल एवढं भोक, बाकी अंगावर ओरखडा नाय. मी तोंड उघडायच्या आत वाड्याचा माणूस माझ्या कानाशी वाकला. "मगरीनं नेला म्हण. नाहीतर उद्या पाळण्यातलं पोरही मगर नेईल."

पाळण्यात पुंडलिक होता. मी मगर म्हटली.

पुढं राज्यं खालसा झाली, झेंडे बदलले, पण आमचं काय बदललं? ज्या जागेवर मासळी सुकवायची ती वाड्याची, घराखालची जमीन वाड्याची. पोराला वाढवायचं होतं. म्हणून मी त्या मेल्या मगरीपाशी उभी राहिले, होय सरकार, होय सरकार करत राहिले, आणि रोज मनात एकच घोकलं. मला त्याचा जीव नको, पैसा नको. एक दिवस त्यानं चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं, नवशाचं नाव घेऊन बोललं पाहिजे की त्याला मी मारला. ते ऐकल्याशिवाय मी मरणार नाय.

मग तारापूरला अणुविजेच्या कारखान्याचं काम निघालं. पुंडलिक तिथं लागला. बोईसरला खोली घेतली, चार मुलखांच्या कामगारांत राहून हिंदी फाडायला लागला, मला बोलला, "आये, आता कुणाच्या दारात उभी राहू नको." मी बोलले, "एकदाच जाते." आता माझ्या पोराचा घास वाड्याच्या हातात नव्हता. आता मला कुणाची भीती?

दिवसही बरा सापडला. सरकारांच्या एकुलत्या एका मुलीला आपल्या मुलासाठी बघायला घाटावरचे एक जहागीरदार येणार होते, बायकोला घेऊन. पालघरपर्यंत रेल्वेनं, तिथून मोटारीनं सातपाटीला, आणि पुढं खाडीतून होडीनं. होडी दामूभावजींची. दामू म्हणजे माझा धाकटा दीर. त्या दिवशी शिकारीच्या होडीत दुसऱ्या वल्ह्यावर हाच होता. सगळं डोळ्यांनी बघितलं आणि वाड्यात जाऊन मगर बोलला. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. त्याच्या पानात वाढायची, पण त्याच्या तोंडाकडं बघायची नाय.

मुलगी बघून झाली, पोहे झाले, आणि सरकार स्वतः वाडा दाखवायला निघाले. एरवी कारभारी दाखवायचा. आज होणारे व्याही, म्हणून खुद्द सरकार, हातात चांदीच्या मुठीची काठी! मी मगरीपाशी उभी. पाहुण्यांच्या चपला राखत दामूभावजी दारात.

काय तो थाट सांगू! ही तलवार म्हणे पणजोबांनी लढाईत गाजवलेली. अहो, ती कारभाऱ्यानं जुन्या बाजारातून आणली तेव्हा होडीत माझ्या पाटीवर ठेवली होती, माझ्या पापलेटांना तिचा गंज लागला. हा आरसा विलायतेहून आला. आला असेल, पण पाऱ्याचे पोपडे सुटलेले, त्यात माणूस महारोगी दिसतो. ही झुंबरं, ही पालखी, हे वाघाचं कातडं. जहागीरदार प्रत्येक वस्तूपुढं "वा, वा" करत होता, आणि त्याची बायको, गोरीपान, कपाळभर कुंकू लावलेली, नुसती बघत होती.

"आणि ही आमची मगर," सरकार बोलले. सगळं सांगितलं, नेहमीसारखं. मग काठी माझ्याकडं वळवली. "ही त्या नावाड्याची बायको. सांग गं."

मी मान वर केली. "मगरीनं नाय नेला."

"काय?"

"माझ्या नवशाला मगरीनं नाय नेला, बाईसाहेब. नवशा त्याचं नाव. यांनी गोळी घातली. मी आंघोळ घातलीय त्याला, भोक बघितलंय. हे जनावर बिचारं उगाच मेलं. यांच्या घरची मुलगी करायची तर माहीत असू दे, हा माणूस खुनी हाय!"

वाटलं, आता छत कोसळेल. सरकारांचा चेहरा खरंच पांढरा पडला. किती वर्षं मी तो चेहरा बघायला तरसले होते! मी जहागीरदाराकडं बघितलं. आता हा पाठ फिरवेल, आता हा थुंकेल.

जहागीरदार हसला हो! मिशीवरून हात फिरवला आणि हसला. "असं होय! मला वाटलं काय आणि काय. अहो, शिकारीत असं व्हायचंच. आमच्या थोरल्या आबांच्या हातून हाकारे घालणारे दोघे गेले. त्याचं काय एवढं?"

आणि सरकारांच्या तोंडावर रंग परत आला. मी उभी होते तिथं, माझ्यासमोर, तो माणूस मोकळा होऊन हसायला लागला. "तेच तर! आणि खरं सांगू का, आता घरचेच आहात म्हणून सांगतो. चुकून नव्हे. मी बंदूक घेऊन उभा राहिलो तर तो मला साहेबासमोर 'खाली बस' म्हणाला. मला! एकेरीत! डोकं फिरलं, हात गेला. मग मारलाच."

"होडीत तांडेल सगळ्यांनाच तसं बोलतो," दारातून आवाज आला. दामूभावजी. कुणी तिकडं लक्ष दिलं नाय.

बाई गं, काय सांगू तेव्हा काय झालं माझं. ज्या शब्दासाठी मी आयुष्य जाळलं तो शब्द त्यानं सुपारी चघळत बोलून टाकला. त्याला लाज नाय, भीती नाय. वर मलाच बोलला, "झालं समाधान? जा आता, आणि उद्यापासून मासे दुसरी कुणी आणेल." मला रडायला आलं नाय. माझ्या अंगात नुसता जाळ पेटला.

वर हौस बघा. "चला," पाहुण्यांना बोलला, "जाता जाता ती जागाच दाखवतो. होडी तिथूनच जाते."

मला परतायला तीच होडी. मी रिकामी पाटी घेऊन मागं बसले, तर कुणी हटकलं नाय. मगरीची बाई म्हणजे त्यांच्या लेखी मगरीएवढीच मेलेली. दामूभावजी काठीनं होडी ढकलत होते. ओहोटी संपत आली होती, आणि खाडीच्या मधोमध वाळूचा दांडा उघडा पडला होता. भरतीला त्याच्यावर एकावर एक दोन माणसं बुडतील एवढं पाणी येतं, आणि येतं ते भरभर.

होडी दांड्याला लागली. बाईसाहेब शालूला चिखल लागेल म्हणून उतरल्या नाय, नवरा त्यांच्यापाशी बसला. सरकार मात्र टुणकन उतरले. काठी रोवत दांड्याच्या टोकाला गेले आणि ओरडून दाखवायला लागले. "इथं! होडी अशी होती, मी असा उभा, आणि तो अस्सा तोंडावर पडला!" हात पसरून, वाकून दाखवलं हो. नकला केल्या माझ्या नवऱ्याच्या मरणाच्या.

मी बोलले, "भावजी, होडी काढा."

दामूभावजींनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांनी मी पण बघितलं. म्हातारा झाला होता, डोळे भरून आले होते. त्यांनी वाळूत काठी रोवली आणि एका रेट्यात होडी दूर काढली.

आधी सरकार हसले. मग हुकूम सोडला. मग शिव्या. जहागीरदार उठायला गेला, "अरे ए, वळव ती होडी!" दामूभावजी बोलले, "होडीत तांडेल मी हाय. खाली बस." आणि जहागीरदार बसला. मुकाट बसला.

भरती लागली होती. पाणी सरकारांच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. खाडीकाठी जन्मून त्याला पोहता येत नव्हतं. राजे कशाला पोहतील, त्यांना नेणारे असतात.

मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवले. "सरकार! मगाशी वाड्यात काय बोललात ते जरा मोठ्यानं बोला. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

सगळे म्हणजे सगळे. भरतीबरोबर सातपाटीच्या होड्या परतत होत्या. काठावर कालवं काढणाऱ्या बाया वाकल्या होत्या, त्या उठून बघायला लागल्या. एकेक होडी थांबली.

"सुकवणीची जागा तुझ्या नावावर करतो!" सरकार ओरडले. "घर देतो! नवी होडी देतो!"

"मला नको. बोला!"

पाणी कमरेला आलं, काठी वाहून गेली, तेव्हा बोलला. घसा फोडून बोलला. "मारला! मी मारला त्याला! मगर नव्हती! मी गोळी घातली!"

होड्यांवरची माणसं ऐकत होती. त्यातले जुने तांडेल नवशाबरोबर समुद्रात गेलेले. एकानं डोक्यावरची टोपी काढली.

"कुणाला मारला?" मी विचारलं. "नाव घ्या."

आणि तो गप्प झाला.

मला आधी कळलं नाय. वाटलं, हट्ट करतोय. पाणी छातीला लागलं तरी तोंड नुसतं उघडझाप. मग बोलला, "ए बाई... नाव काय होतं गं त्याचं?"

त्याच दिवशी, वाड्यात, मी त्याच्या तोंडावर बोलले होते. नवशा त्याचं नाव. इतकी वर्षं त्याच्या मरणाची गोष्ट पाहुण्यांना विकली, आणि नाव ठाऊक नाय!

"रामा!" तो ओरडला. "गोविंदा! अरे सांगा कुणीतरी! नथू! काशिनाथ!"

बाईसाहेबांनी माझा हात धरला. त्यांच्या लक्षात होतं. त्या रडत बोलल्या, "सांगू का गं त्यांना? सांगते ना!"

"तुमी बोललात तर तुमाला पण उतरवीन," मी बोलले. खरंच उतरवलं असतं.

होड्यांवर कुणी हूं की चूं केलं नाय. काठावरच्या बायांनी नाय. सगळ्यांना नाव ठाऊक होतं, आणि सगळे त्याला लोकांच्या बापांची नावं एकामागून एक घेताना ऐकत उभे होते. पाणी गळ्याला आलं. दामूभावजी बोलले, "वहिनी, मरेल."

"मेला तर सुटेल," मी बोलले. "घ्या वर."

दामूभावजींनी होडी जवळ नेली आणि केसाला धरून ओढून घेतला. होडीच्या तळाशी, माझ्या पाटीशेजारी पडून पाणी ओकत होता, आणि ओकता ओकता माझ्या लुगड्याचा काठ धरून विचारत होता, "सांग ना, काय नाव होतं?" मी काठ सोडवून घेतला.

सोयरीक मोडली. बाईसाहेबांनीच मोडली म्हणतात. वाड्यावर आता सातपाटीचं कुणी जात नाय. होडी नाय, मासळी नाय. कारभारी एकदा बंदरावर येऊन गेला, सरकारांना झोप लागत नाय बोलला, त्या नावाड्याचं नाव तेवढं हवंय. बाया मासे निवडत बसल्या, कुणी मान वर केली नाय. मग तो माझ्याकडं आला.

ते नाव त्याच्या तोंडून ऐकायचं म्हणून मी जगले, खरं हाय. पण आता मला नकोच. माझ्या नवशाचं नाव त्या तोंडाला लागायला नको. कारभाऱ्याला बोलले, "तुमच्या सरकारला सांगा, विचारत राहा."